सेव्हिसमधलं रेकॉर्ड मुलांना न सांगता बंद करणं थांबलं पाहिजे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांचे व्हिसा रद्द झाल्याच्या बातम्या येतात तेव्हा सगळी चर्चा व्हिसावरच होते, पण ज्या सिस्टीममुळे या मुलांची झोप उडते त्या सेव्हिसचं नाव बातमीत क्वचितच असतं, म्हणून हे पत्र. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात बरीच वर्षं डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी बघणारी अधिकारी होते. सेव्हिसमध्ये लॉगिन करून विद्यार्थ्यांची माहिती भरायची ते माझं काम.

सेव्हिस हा होमलँड सिक्युरिटी खात्याचा डेटाबेस आहे आणि एफ, एम आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजच्या व्हिसावर आलेल्या प्रत्येकाचं त्यात रेकॉर्ड असतं. तुमच्या मुलाचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म, निघतो तो यातूनच, आणि व्हिसा इंटरव्ह्यूच्या आधी ३५० डॉलर भरता ते याच सिस्टीमसाठी. घर बदललं की मुलाने १० दिवसांत कळवायचं. पदवीच्या मुलाचे सेमिस्टरला १२ क्रेडिट्स भरले पाहिजेत, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर असेल तर कंपनीचं नाव पत्ता सगळं त्यात जातं आणि ओपीटीच्या पहिल्या वर्षात नोकरीशिवाय एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही.

आता हे का सुरू झालं तेही सांगते, कारण नोंदी ठेवूच नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. १९९३ साली वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये पहिला बॉम्बस्फोट झाला त्यातला एक जण स्टुडंट व्हिसावर आलेला आणि कॉलेज सोडून दिलेला होता, त्यानंतर १९९६ च्या कायद्यात अशी इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची तरतूद झाली पण काम रखडलं. मग ११ सप्टेंबर झालं. त्यातला एक जण इंग्रजी शिकायच्या व्हिसावर येऊन शाळेत गेलाच नव्हता, आणि हल्ल्याला सहा महिने उलटल्यावर, मार्च २००२ मध्ये, दोन मेलेल्या हल्लेखोरांचा स्टुडंट स्टेटस मंजूर झाल्याची पत्रं फ्लोरिडातल्या फ्लाइंग स्कूलला पोचली! एवढी नाचक्की झाल्यावर २००३ पासून सेव्हिस सगळ्या कॉलेजांना सक्तीचं झालं. कोण शिकतोय आणि कोण गायब झालाय हे सरकारला कळायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही.

माझं भांडण आहे ते दुसऱ्या गोष्टीशी. हे रेकॉर्ड ज्याचं आहे त्या मुलालाच ते बघता येत नाही. ओपीटीवर गेल्यावर पत्ता आणि नोकरीची माहिती भरायला एक पोर्टल मिळतं तेवढंच, मूळ रेकॉर्ड बघतात कॉलेजवाले आणि सरकारवाले. कुणी ते टर्मिनेट, म्हणजे बंद केलं तर स्क्रीनवर ॲक्टिव्हच्या जागी टर्मिनेटेड एवढाच एक शब्द बदलतो आणि तो मुलगा तेव्हा निवांत लॅबमध्ये काम करत असतो.

माझ्याकडे एक मुलगा होता, ताप आणि थकव्याने बेजार झालेला. त्याने एका रात्री कॉलेजच्या पोर्टलवर जाऊन केमिस्ट्री सोडून टाकलं आणि ११ क्रेडिट्सवर आला, डॉक्टरचं पत्र त्याच्याकडे होतं पण परवानगी विषय सोडायच्या आधी घ्यायची असते हे त्याला माहीतच नव्हतं. मला ते कळवावं लागलं, नियमच तसा आहे. पण मी त्याला समोर बसवून चूक काय झाली ते सांगितलं, पाच महिन्यांच्या आत रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे स्टुडंट स्टेटस परत मिळवायचा अर्ज करता येतो तो भरायला मदत केली, आणि तो निकाल येईपर्यंत कॅम्पसवरची नोकरी बंद ठेवून शिकत राहिला. त्रास झालाच, पण त्याला कारण माहीत होतं, आणि विचारायला समोर माणूस होतं.

एप्रिल २०२५ मध्ये यातलं काहीच उरलं नाही. सरकारने सेव्हिसमधली सुमारे १३ लाख नावं पोलीस नोंदींच्या एनसीआयसी डेटाबेसशी जुळवून पाहिली, ६,४०० च्या आसपास जुळली, आणि हजारो मुलांची रेकॉर्ड्स धडाधड टर्मिनेट झाली. कुणाची जुनी ट्रॅफिकची केस, कुणावरचा आरोप कोर्टाने केव्हाच काढून टाकलेला. मुलांना नोटीस नाही आणि कॉलेजलाही काही कळवलं नाही, माझे जुने सहकारी रोज सकाळी सेव्हिस उघडून एकेक नाव तपासत बसायचे आणि मग मुलांना फोन करून सांगायचे की कालपर्यंत होतास, आज नाहीस, काम ताबडतोब थांबव. इमिग्रेशन वकिलांच्या एआयएलए या संघटनेने तेव्हा ३२७ प्रकरणं तपासली, त्यात निम्मी मुलं भारतीय होती. मुलं कोर्टात गेली, न्यायाधीशांनी एकामागून एक स्थगिती दिली, तेव्हा २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी रेकॉर्ड्स परत चालू करतो असं सांगितलं. तोवर काही जण घाबरून देश सोडून गेले होते. आणि लगेचच आइसने, म्हणजे होमलँड सिक्युरिटीच्या इमिग्रेशन विभागाने नवं धोरण काढलं की व्हिसा रद्द झाला एवढ्या कारणावरूनही रेकॉर्ड बंद करता येईल. व्हिसा हा देशात शिरायचा परवाना, तो रद्द झाला म्हणून आत शिकत असलेल्याचा स्टेटस आपोआप जात नाही, असं आम्ही इतकी वर्षं मुलांना सांगत आलो.

२०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. एवढी पोरं तिथे फी भरून शिकतायत तर आपल्या परराष्ट्र खात्याने दोन साध्या गोष्टी लावून धरायला काय हरकत आहे? एक म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं सेव्हिस रेकॉर्ड बघता यावं. दुसरं म्हणजे रेकॉर्ड बंद करायच्या आधी कारणासह लेखी नोटीस आणि उत्तर द्यायला पुरेसे दिवस मिळावेत. पैसे भरून घेतलेल्या सिस्टीममध्ये एवढं देणं अवघड नाही, ईमेल आयडी तर सेव्हिसमध्ये आधीपासूनच भरलेला असतो.

आपली,
एक माजी डीएसओ