ईशाच्या कॅमेऱ्याविषयी

सोलापूर,
२३ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. ईशाला बारावीनंतर फोटोग्राफीच शिकायची आहे हे वाचून बरं वाटलं. आणि ‘डावखुऱ्यांसाठी वेगळा कॅमेरा मिळत असेल तर कळव, किंमत बघू नकोस’ हे वाचून हसू आलं. पैसे ठेव खिशात. असा कॅमेरा आज बाजारात नाही. कॅनन घे, निकॉन घे, सोनी घे, फुजी घे. शटरचं बटण उजवीकडे, धरायची मूठ म्हणजे ग्रिप उजवीकडे, सेटिंग बदलायची चाकं उजवीकडे. पण म्हणून पोरीचं घोडं अडलं असं समजू नकोस. मीही डावराच आहे, आणि याच कॅमेऱ्यांवर आजवर सोलापूरकरांची लग्नं टिपत आलोय.

कॅमेरा हातात घेतल्यावर उजवा हात करतो काय ते बघ. ग्रिपला बोटं अडकवायची आणि तर्जनीने बटण दाबायचं. कष्टाचं आणि नाजूक काम सगळं डाव्याकडे. लेन्सचं वजन डाव्या तळव्यावर, झूम डावा फिरवणार, हाताने फोकस करायचा झाला तर केसभर पुढे-मागे डावाच करणार. ७०-२०० एफ २.८ सारखी लांबचं टिपणारी लेन्स दीड किलोच्या घरात जाते. मंगलाष्टकं लांबली की उजव्या हाताची पोरं डावा दंड चोळत बसतात; मला त्याचं काही वाटत नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात धरायचा झाला तर तोही डाव्यातच येतो. तेव्हा ‘कॅमेरा उजव्या हाताच्या लोकांसाठी बनवलाय’ हे अर्धंच खरं.

जुन्या काळात तर ही वाटणी इतकी ठरलेलीही नव्हती. ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीचा किने एक्झाक्टा १९३६ साली आला. त्याचं शटर डाव्या बाजूला, फिल्म पुढे सरकवायचा खटकाही डाव्या अंगठ्याखाली. आणि तो काही डावखुऱ्यांचा म्हणून विकला जात नव्हता, सगळे तसाच वापरत. हॅसलब्लाड ५०० सी हा पेटीसारखा कॅमेरा तर आणखी मजेशीर. बटण उजव्या खालच्या कोपऱ्यात, तरी धरायची रीत अशी की पेटी डाव्या तळव्यावर बसवायची, डाव्याचीच तर्जनी खालून बटणावर आणायची आणि उजव्या हाताने फोकस करायचा, फिल्म गुंडाळायची. म्हणजे आपल्याला हवं ते आयतंच.

खास डावखुऱ्यांसाठी बनवलेला म्हणावा असा मला एकच ठाऊक आहे, यशिका सामुराई झेड-एल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस यशिकाने हाफ-फ्रेमचा, म्हणजे फिल्मच्या एका फोटोच्या जागेत दोन बसवणारा, एक उभट कॅमेरा काढला होता, हँडीकॅमसारखा एका मुठीत धरायचा. त्याची उलटी आवृत्ती त्यांनी डाव्या हाताच्या लोकांसाठी केली. यात सगळी मेख आहे बघ. जे यंत्र एका हाताने चालवायचं, त्यालाच उजवं-डावं असतं. दोन हातांनी चालवायच्या यंत्रात कामं फक्त वाटली जातात. मोबाइलचंही तेच, म्हणून त्यात आवाजाच्या बटणानेही फोटो निघतो आणि फोन कसाही फिरवून धरता येतो.

आता खरा मुद्दा, जो तू विचारलाच नाहीस. ईशा कुठल्या डोळ्याने बघते?

हात डावा म्हणजे डोळाही डावाच असं नसतं. उजव्या हाताने जेवणारे-लिहिणारे किती तरी लोक डावा डोळा लावतात. डावखुऱ्यांपेक्षा डाव्या डोळ्याची माणसं पुष्कळ जास्त. आणि कॅमेऱ्यावर हातापेक्षा डोळ्याचा त्रास मोठा. माझं हात आणि डोळा दोन्ही डावं, त्यामुळे मी हे चेहऱ्यावर सोसलंय. निकॉन एफएम२ आठवतो ना? त्याचं शटर दाबण्याआधी फिल्म सरकवायचा खटका थोडा बाहेर ओढून ठेवावा लागतो, नाहीतर बटण दबतच नाही. उजव्या डोळ्याने बघणाऱ्याचा चेहरा डावीकडे असतो, त्याला त्या खटक्याचा पत्ताही नसतो. डावा डोळा लावला की खटका उजव्या भुवईपाशी टोचतो, आणि दर फोटोनंतर अंगठा डोळ्यासमोरून फिरतो. चष्मेवाल्याचे तर हालच.

खटके गेले, पडदे आले, तरी भानगड संपली नाही. हल्ली व्ह्यूफाइंडरला, म्हणजे बघायच्या खिडकीला, डोळा लावून अंगठा मागच्या पडद्यावर फिरवला की फोकसचा चौकोन सरकतो. छान सोय आहे, पण उजव्या डोळ्यावाल्याचं नाक पडद्याच्या डाव्या भागावर टेकतं आणि उजवा भाग अंगठ्याला मोकळा राहतो. डाव्या डोळ्यावाल्याचं नाक नेमकं अंगठ्याच्या जागेवर. फोकस नवरीच्या चेहऱ्यावर ठेवावा, तर नाकाने तो भटजींच्या उपरण्यावर नेऊन ठेवलेला! मेनूत जाऊन ते टच बंद करता येतं, आणि डाव्या डोळ्याच्या माणसाने ते पहिल्याच दिवशी करावं. मग फोकस सरकवायला छोटी जॉयस्टिक लागते. स्वस्तातल्या बऱ्याच बॉडींवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांवर) ती नसते, म्हणून घेताना तिच्यावर लक्ष ठेव.

दुसरं, ज्या कॅमेऱ्यांची खिडकी डाव्या कोपऱ्यात असते, म्हणजे फुजीचे एक्स१०० आणि एक्स-ई, सोनीची ६००० ची मालिका, ते उजव्या डोळ्यासाठी फार गोड. नाक बाजूला मोकळं, डावा डोळाही उघडा ठेवता येतो. डावा डोळा लावला की अख्खं तोंड बॉडीच्या मागे आणि अंगठा गालात रुतलेला. त्यापेक्षा मधोमध उंचवटा असलेला कॅमेरा बरा.

तेव्हा आधी एवढं कर. तिला गच्चीवर ने, दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये त्रिकोणी फट ठेवायला सांग आणि त्या फटीतून लांबची पाण्याची टाकी बघायला सांग. मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना टाकी जागेवर दिसते, तो तिचा कॅमेऱ्याचा डोळा. उजवा निघाला तर अर्धी चिंता मिटली.

उभा फोटो काढायची सवयही सुरुवातीलाच लाव. शिकवणारे बहुतेक सगळे बटण वर ठेवून उजवं कोपर हवेत उचलायला सांगतात. आपण उलटं फिरवावं: बटण खाली, दोन्ही कोपरं फासळ्यांना टेकलेली. हे मला पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात पटलं. दोन मागांच्या मधली बोळ एवढीशी, की माणूस आडवा होऊन जातो. धोटा इकडून तिकडे धाडधाड, शेजारी काय बोलतोय ते ऐकू येत नाही, आणि सुताचा भुगा हवेत. तिथे उजवं कोपर बाहेर काढून उभं राहिलो, तर मालक तेलुगूत ओरडले. शब्द कळले नाहीत, आशय कळला. कॅमेरा उलटा फिरवला, कोपरं आत आली, आणि हातही जास्त स्थिर झाला. आता मोकळ्या जागेतही मी तसाच धरतो.

बटणांचं म्हणशील तर पूर्वी कॅनन-निकॉनच्या मोठ्या बॉडींवर फोटो बघायचं, पुसायचं बटण डावीकडे असे. आता एकेक करून उजवीकडे नेऊन ठेवतायत, का तर डावा हात लेन्सवरून हलू नये. मला हे फारसं रुचत नाही. उजव्या अंगठ्यावर आधीच किती ओझं! त्यावर तोड एकच, डाव्या हाताला जास्तीत जास्त काम मिळेल अशी लेन्स घ्यायची. फुजीच्या बहुतेक एक्सएफ लेन्सांना अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणारं भोक लहान-मोठं करायची, रिंग आहे. कॅननच्या आरएफ लेन्सांवर कंट्रोल रिंग असते, तिच्यावर अ‍ॅपर्चर किंवा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) काहीही बसवता येतं. झूम, फोकस, अ‍ॅपर्चर असं तिन्ही डाव्याकडे आलं की उजव्याने निवांत बटण दाबत बसावं.

माझं मत विचारशील तर दोनच नावं: कॅननचा आर१० आणि फुजीचा एक्स-टी३०. दोघांची खिडकी मधे आणि दोघांना जॉयस्टिक. फुजी दिसायला देखणा, पण त्याची बॉडी जवळजवळ सपाट, उजव्या बोटांना धरायला काही नाही. ज्याचा उजवा हात मुळात कच्चा, त्याला खोल ग्रिप हवी. म्हणून मी आर१० म्हणेन. मात्र विकत घेण्याआधी दुकानात तो हातात घेऊन बघायचाच, आणि तोही लेन्स लावून, डोळ्याला लावून. नुसती बॉडी कुरवाळून काही कळत नाही. तिचा हात लहान आहे की मोठा, नखं वाढवते की नाही, चष्मा आहे का, यावरही ठरतं बाबा.

आणि जिथे खरोखर अडतं ते लपवत नाही. गर्दीत हात उंच करून एका हाताने फोटो काढायचा असेल, तर आपण मार खातो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा असतो तेव्हा तू पाहिलंयस, सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि मुंगीला शिरायला जागा नाही. उजवी पोरं एका हाताने कॅमेरा डोक्यावर धरून धडाधड काढतात. माझी उजवी मूठ तेवढी भरवशाची नाही. मी डाव्या हाताने लेन्सचा खालचा भाग पकडतो, पडदा खाली वाकवतो, उजव्याचं फक्त एक बोट बटणावर ठेवतो आणि लागोपाठ फोटोंवर सोडतो. चालतं, पण दोन्ही हात वर गेल्यावर खिसा कोण सांभाळणार? कंपन्यांनी अजून याला उत्तर काढलेलं नाही आणि काढतील असं दिसतही नाही. ट्रायपॉडवर मात्र काहीच अडचण नाही. वायरचं रिमोट डाव्या हातात घ्यायचं, आणि व्हिडिओच्या बऱ्याच हेडना दांडी दोन्ही बाजूंना बसवायची सोय असते. दुकानदार उजवीकडे लावून देतो, काढून डावीकडे लावायची.

ईशाला गड्ड्याच्या आधीच इकडे पाठव. नवी पेठेतला आमचा दुकानवाला दोन-चार बॉडी तासभर हाताळू देईल, त्याला सांगून ठेवतो. तिला म्हणावं, काकाचा एफएम२ही चालू आहे, खटका टोचून घ्यायचा असेल तर. यात्रा आटोपली की एका सकाळी नान्नजच्या माळावर काळवीट बघायला जाऊ, तिथे लांब लेन्स तिच्याच डाव्या हातावर देईन. वहिनींना शेंगाचटणी आणि कडक भाकरी तिच्याबरोबर देतो, या वेळी तिखट बेताचं सांगितलंय.

डोळ्याचं काय निघतं ते मात्र लगेच कळव.

तुझा,
श्रीकांत

ता. क. कॅमेऱ्याबरोबर गळ्यात घालायचा पट्टा येतो तो वापरू नका, मान धरते. तिरका पट्टा घ्या. दुकानदार तो डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला येईल असा घालून दाखवेल. ईशाने उलटा घालून बघावा, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला. कॅमेरा डाव्या हाताने लेन्सखाली धरून वर घ्यायचा आणि मग उजव्याने ग्रिप पकडायची.