येत्या शनिवारी शनिदर्शन

मंडळींनो, पाऊस उघडलाय. शनिवारी सायंकाळी ७ वाजता राजहंसगडाच्या पायथ्याशी जमूया. बेळगाव शहराचा उजेड उत्तरेला राहतो; शनी पूर्वेला असेल.

२०२५ मध्ये शनीची कडी आडवी येऊन नुसती रेघ उरली होती. आता ती पुन्हा उघडतायत, हा बदल चुकवू नका. ५० पट वर्धनाला कडी दिसतात, शेजारी ठिपक्यासारखा टायटन हा शनीचा चंद्रही.

दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, नाहीतर प्रतिमा थरथरते. दव पडणारच. भिंग रुमालाने मुळीच पुसू नका, ओरखडे कायमचे राहतात. त्यापेक्षा पुढे जाड काळ्या कागदाची नळी लावा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद हवाच, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.

मुलांना जरूर आणा, पहिली पाळी त्यांची. ढग आले तर दुपारी कळवू.