पावट्याच्या बिया निवडून देणाऱ्या मावशींना

आई गेल्यावर तिचा पावट्याच्या बियांचा डबा मी पुण्यात आणला. जांभळ्या शेंगांचा, आजीपासून चालत आलेला मुळशीकडचा पावटा. दोन वर्षं पेरायचं राहिलं. यंदा मृगाआधी डबा उघडला, तर आत पीठ आणि भुंगे. रडूच आलं.

तसाच डबा घेऊन शिवाजीनगरला बियाण्यांच्या प्रदर्शनात गेले. तिथं अकोले तालुक्यातल्या एक मावशी बसल्या होत्या. बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे यांचाच तो तालुका. मावशींनी डबा सुपात ओतला नि एकेक बी उजेडाकडे धरून पाहिली. “भोक असलं तरी टाकू नको बाई. डोळा शाबूत असला तर रुजतं.” समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तासभर निवडून त्रेचाळीस बिया काढल्या. आधी चार-पाच ओल्या फडक्यात रुजवून बघायला सांगितलं. पुढच्या वेळी कडक उन्हात वाळवून राखेत ठेव म्हणाल्या, आणि चाळलेली राखही पुडीत बांधून दिली. दुधी-दोडक्यासारखी पावट्यात सहसा सरमिसळ होत नाही, म्हणून आईचं वाण आहे तसंच येईल, हेही त्यांनीच समजावलं.

पैसे घेतले नाहीत. पाच बिया मात्र मागून पदराच्या गाठीत बांधल्या. “तुझ्याकडं नाही आलं, तर माझ्याकडं येईल.”

एकोणीस रुजल्या. कार्तिकात गॅलरीतल्या वेलाला फुलं आलीत. मावशी, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मनापासून आभार. तुमच्या त्या पाच बिया रुजल्या का हो?