माउस माझ्याच हातात ठेवलात, काका

प्रिय काका,

पत्रबित्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. "कामाचं बोल," म्हणाल. तरी लिहितेय, आणि उघड लिहितेय. ज्यांनी माझं ऐकून घ्यायला हवं होतं, त्यांच्याही नजरेस पडू दे.

२०१३च्या ऑक्टोबरात फायलिन चक्रीवादळ ओडिशात गोपाळपूरजवळ धडकलं. त्याच्या वाटेच्या उजव्या हाताला, १८ अंश अक्षांशाजवळ, बंगालच्या उपसागरात एक बॉय, म्हणजे मोजमापाची यंत्रं लावलेला तरंगता पिंप, नांगरलेला होता. त्याचे आकडे माझ्या प्रकल्पाच्या वाट्याला आले. वादळामागे वरचं पाणी थंड झालं, ते अपेक्षितच. पण १०० मीटर खोलीवरच्या सेन्सरची तापमानाची रेघ पुढे कित्येक दिवस वरखाली होत राहिली. वारा पडला, तरी खालचं पाणी स्वस्थ बसेना.

मार्गदर्शकांनी दोन सेकंद पाहिलं. "नॉइज आहे, निरर्थक खडखड. फिल्टर लावून काढून टाक." आणखी एका मोठ्या माणसाला तीन मेल टाकले, पोचसुद्धा आली नाही. एका सीनियरने माझ्या हातातून माउस घेतला, पटापट काहीतरी केलं आणि "झालं" म्हणून उठला. रेघ गुळगुळीत झाली होती, मला मात्र ओ की ठो कळलं नव्हतं.

तुम्ही वर्कशॉपात कनेक्टर साफ करत होतात. हात पुसलेत, स्टूल ओढलंत आणि विचारलंत, "दोन शिखरांत किती तास?"

"मोजले नाहीत."

"मग मोज की."

आणि गप्प बसलात. माउस माझ्याच हातात. एक शिखर सुटलं, मागे गेले, पुन्हा चुकले. तुम्ही ना सुस्कारा टाकलात, ना घड्याळ पाहिलंत. कुठे ३७ आले, कुठे ३८. मग चहाच्या बिलामागे तुम्ही लिहिलंत: १२ भागिले साइन अक्षांश. भागाकारही मलाच करायला लावलात. ३८.८! अंगावर काटा आला, काका.

"पण माझे तास कमी भरतायत," मी कुरकुरले.

"कमीच भरायला हवेत. नुसत्या पृथ्वीच्या फिरण्याचा ठेका ३८.८. वर हलकं, खाली जड अशा पाण्याच्या थरांचा ताणही त्यात मिसळतो, म्हणून लाट किंचित घाईत असते."

मार्गदर्शक ज्याला कचरा म्हणाले, त्यातच ही खूण होती.

मग तुम्ही वाऱ्याचा झोपाळा केलात. वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी उजवीकडे वळत वळत गोल फिरतं. सेकंदाला अर्धा मीटर वेग धरला, तर तिथे साधारण ११ किलोमीटर त्रिज्येचं रिंगण. वादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूला वाराही त्याच अंगाने वळत जातो, म्हणून झोका ऐन वेळेवर बसतो. डाव्या बाजूला तो उलटा वळतो आणि लय मोडते. रिंगणाचा जोर सगळीकडे सारखा नसल्याने पाणी कुठे गोळा होतं, कुठे फाकतं. खालचा थंड थर दाबला जातो, उचलला जातो, आणि वादळाची ताकद अंतर्गत लाटांच्या, म्हणजे पाण्याच्या पोटात थराथरांतून चालणाऱ्या लाटांच्या रूपाने खोल उतरत जाते. हाच हिशेब बाल्टिक समुद्रात १४ तासांचा येतो, तिथे १९३०च्या दशकातच मोजलाय, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. तेलपाण्याची बाटली कलती केलीत, तेव्हा तेलाचा वरचा पृष्ठभाग लगेच शांत झाला. मधली हळदीने पिवळी झालेली सीमा मात्र सावकाश डुलत राहिली. आपण दोघं बघत बसलो, चहा निवला.

हुशार माणसं या क्षेत्रात पोत्याने आहेत. समोरच्याला वेळ लागला तर चुळबुळ न करणारी किती? तुमच्या नावाआधी डॉक्टर नाही, म्हणून बैठकीत तुम्हाला मागची खुर्ची देतात. त्याचा राग मला तुमच्याहून जास्त येतो. चांगुलपणाला पदवी लागत नाही हे खरं, पण मान द्यायला यांना लागते.

अहवाल गेल्या आठवड्यात दिला. ती रेघ जशीच्या तशी छापलीय, फिल्टर न लावता. एक प्रत तुमच्या टेबलावर, ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवून आले. तुम्ही जेवायला गेला होतात.

तुमची,
बिल अजून वहीत जपून ठेवलेली