‘मुंबई बुडणार’ छापताना शून्य कुठे आहे तेही सांगा

संपादक महोदय,

‘२०५० पर्यंत मुंबई समुद्रात’ हा एका नकाशावर बेतलेला मथळा ऑक्टोबर २०१९ पासून अधूनमधून डोके वर काढतो. वाचणारा आधी घाबरतो, मग किनारा जागच्या जागी पाहून हवामानबदलच थोतांड ठरवतो. त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यापर्यंत नकाशा पोचला, नकाशाचा अर्थ पोचला नाही.

तो नकाशा ‘क्लायमेट सेंट्रल’ या अमेरिकी संस्थेचा. त्यात रंगवलेली जमीन कायमची पाण्याखाली जाणार नाही. २०५० मध्ये वर्षातून सरासरी एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपेक्षा ती खाली असेल, एवढेच. बांध आणि भिंती हिशेबात धरलेल्या नाहीत. शिवाय आधीच्या नकाशांतली जमिनीची उंची २००० सालच्या अंतराळयानातल्या रडारची होती. ते झाडांचे शेंडे आणि घरांची छपरेही जमिनीतच मोजी, त्यामुळे किनारे सरासरी दोन मीटरहून जास्त उंच दिसत. ही चूक सुधारली म्हणून नकाशा एवढा रंगला. समुद्र काही एका रात्रीत चढला नव्हता.

दुसरा गोंधळ आपल्या वृत्तपत्रांतला. ‘आज साडेचार मीटर उंच लाटा’ असे छापून येते. ती लाट नव्हे, भरतीची पातळी. आणि तीही सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजलेली. मुंबईत सरासरी समुद्रपातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ही भरती सरासरी पातळीच्या दोनच मीटर वर. लोक चौपाटीवर ‘ती’ लाट शोधतात, दिसत नाही, आणि पुढचा इशारा कुणी मनावर घेत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी सरासरी २० सेंटीमीटर चढली; २००६ नंतर वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. वीतभर पाण्याने काय होणार? मुंबईची बहुतेक पातमुखे, म्हणजे नाले समुद्रात सुटतात ती तोंडे, मोठ्या भरतीत पाण्याखाली जातात. समुद्र आत शिरू नये म्हणून फ्लडगेट लावले, की नाल्याचे पाणी आतच तुंबते आणि सारी भिस्त उदंचन केंद्रांच्या पंपांवर. समुद्र जितका वर, तितका दारे बंद ठेवण्याचा वेळ जास्त, आणि जोराचा पाऊस त्याच वेळेत कोसळण्याची शक्यताही जास्त. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दुपारची भरती ४.४८ मीटरची होती.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २००७ मध्ये हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे लिहिले आणि जानेवारी २०१० मध्ये चूक कबूल केली. हिमनद्या आटत होत्याच. पण त्या एका वर्षापायी सगळ्या अहवालावर संशय आला.

म्हणून विनंती अशी: समुद्राची बातमी देताना उंची कशापासून मोजली, पाणी कायमचे की वर्षातून एकदाचे, आणि बांध-पंप धरले की नाही, हे मथळ्याखालीच छापावे. भरतीच्या तक्त्यात सरासरी समुद्रपातळीपासूनचा आकडाही द्यावा. त्याला एक जादा रकाना पुरेल.

– किनारा आणि जलनिचऱ्याचा एक अभ्यासक, मुंबई