विमान सुटायच्या आधीची ती वीस मिनिटं : मुरलीधर मोहोळ साहेबांना खुलं पत्र

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

साहेब नमस्कार. मी नाशिकचा, एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, आता रिटायर. तुम्ही पुण्याचे म्हणून मराठीतच लिहितोय. माझी मुलगी एका विमान कंपनीत केबिन क्रू आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तिची नोकरी आहे, आणि तिच्या मैत्रिणी दुसऱ्या कंपन्यांत आहेत त्यापण हेच सांगतात.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मुलीचं विमान आधीच्या फेरीवरूनच पाऊण तास लेट आलं. आलेले प्रवासी उतरतायत, सफाईवाले आत शिरलेत, खाण्याच्या ट्रॉल्या चढतायत आणि त्या गर्दीत हिला तिच्या भागातलं सगळं बघायचंय, लाइफ जॅकेट, आग विझवायचे सिलिंडर, टॉर्च, ऑक्सिजनच्या बाटल्या, टॉयलेट, सीटखाली कुणी काही ठेवलंय का. दारात ग्राउंड स्टाफचा पोरगा वॉकीटॉकी घेऊन उभा, मॅडम बोर्डिंग क्लिअरन्स द्या (म्हणजे प्रवासी आत सोडायची परवानगी), मॅडम अजून किती. त्याचीपण चूक नाही, त्याच्यामागेही कुणीतरी लागलेलं असतंच. हिनं फॉर्मवर टिक केलं. वर गेल्यावर कप्पा उघडला तर एका ऑक्सिजनच्या बाटलीचा काटा खाली आलेला, म्हणजे आत ऑक्सिजन कमी. त्या दिवशी कुणाला ती लागली नाही. तिनं स्वतःहून कॅप्टनला सांगितलं, रिपोर्टही लिहिला. मग ऑफिसात बोलावून विचारलं की तुम्ही टिक केलंच कसं. विचारायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चेक करायला तुम्हाला मिनिटं किती मिळाली हे एकानंही विचारलं नाही साहेब. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही, सारखं एकच, बाबा कुणाला लागली असती तर.

मला ते लगेच कळलं कारण आमच्याकडेपण काटाच असायचा. ब्रेकच्या हवेचा. हवा पूर्ण भरल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, मग कंट्रोलर कितीही ओरडू दे. टायर, लाइट, वायपर बघायचे ते डेपोतच, कारण डेपोत राहून गेलेली गोष्ट डेपोत दिसत नाही, ती कसारा घाटात दिसते. विमानाचंही अगदी तेच आहे, फक्त त्यांचा घाट तीस हजार फुटांवर.

अमेरिकेत नासाची एक सोय आहे, पायलट आणि क्रू आपल्या चुका तिथे लिहून कळवतात आणि त्यांचं नाव गुप्त ठेवतात. १९९० च्या दशकात तिथल्या अभ्यासकांनी घाईमुळे झालेल्या चुकांचे १२५ रिपोर्ट तपासले. बहुतेक चुका विमान सुटायच्या आधीच्या तयारीत झालेल्या आणि त्रास झाला तो पुढे, टेकऑफला किंवा वर गेल्यावर.

माद्रिदचा अपघात तुम्हाला माहीत असेलच. २० ऑगस्ट २००८, स्पॅनएअरचं विमान, आत १७२ माणसं. एकदा निघालं होतं, बाहेरचं तापमान मोजणारा एक भाग गरम होतोय म्हणून परत आलं, दुरुस्ती झाली, तोवर तासाच्या वर उशीर आणि सगळ्यांना निघायची घाई. पंखांचे फ्लॅप, म्हणजे उडताना विमानाला उचल देणाऱ्या मागच्या पट्ट्या, खाली करायचे राहिले. ते राहिले तर भोंगा वाजायला पाहिजे होता, तो वाजला नाही. चेकलिस्ट होती, वाचलीसुद्धा, पण फ्लॅपच्या ओळीवर यायच्या आत कॅप्टननं दुसरं काम सांगितलं आणि ती ओळ राहून गेली, नंतर शेवटच्या चेकमध्ये फ्लॅपचे आकडे बोलले गेले पण फ्लॅप तर खाली नव्हतेच. १५४ माणसं गेली. हे मी मुलीकडून समजून घेतलं तेव्हा रात्री झोप आली नाही, कारण त्या दोघा पायलटना काम येत नव्हतं असं नाही हो, येत होतं.

आपल्याकडचं बघा. २० सप्टेंबर २०१८, जेट एअरवेजचं मुंबई-जयपूर. केबिनमधल्या हवेचा दाब राखणारा स्विच लावायचा राहिला, १६६ प्रवासी, त्यातल्या तीसवर लोकांच्या नाका-कानातून रक्त आलं. विमान मुंबईला परत आलं म्हणून वाचले. २००५ साली सायप्रसहून अथेन्सला निघालेलं हेलिओसचं विमान नाही वाचलं, तिथेही हवेच्या दाबाचंच बटण, जमिनीवरच्या टेस्टनंतर चुकीच्या जागी राहिलेलं आणि सुटण्याआधीच्या तपासणीत कुणाच्या लक्षात न आलेलं, १२१ जण गेले. अहमदाबादच्या विमान अपघाताबद्दल मी इथे बोलत नाही, ते दुःख मोठं आहे.

आता मुद्द्यावर येतो. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, दर महिन्याला कोणती कंपनी किती वेळेवर उडाली त्याचा तक्ता काढते. पंधरा मिनिटांच्या वर गेलं की लेट. मग कंपन्या तेच आकडे जाहिरातीत लावतात. उशीर झाला की का झाला ते मॅनेजर खालच्याला विचारतो, तो त्याच्या खालच्याला, असं करत करत ते सगळं येऊन पडतं दारातल्या पोरीवर आणि कॉकपिटमधल्या दोघांवर. विमान लेट आलं की चाळीस मिनिटांची तयारी वीसमध्ये उरकायची. आणि आम्ही प्रवासीही कमी नाही, दहा मिनिटं झाली की मोबाइल काढून शूटिंग करत क्रूवर ओरडतो, मी स्वतः विमानात हे बघितलंय.

पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम आले, आठवड्याची सुट्टी ३६ तासांवरून ४८ तास केली, ते फार चांगलं केलंत. पण डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली तेव्हा त्या कंपनीला रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. लोकांचे हाल होत होते, मान्य. तरी थकलेला माणूस आणि वर घाई, हे दोन्ही एकाच गाडीवर चढवू नका एवढंच म्हणणं आहे, आमच्याकडे मुक्कामी गाडीवरून उतरलेल्या ड्रायव्हरला लगेच डबल ड्युटी लावली की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा.

साहेब, दोन गोष्टी करा. विमान कितीही लेट आलं तरी ते क्रूच्या ताब्यात आल्यापासून बोर्डिंग सुरू होईपर्यंत ठरावीक मिनिटं कुणालाच कापता येणार नाहीत असा नियम करा, किती मिनिटं ते पायलट आणि केबिन क्रूला बसवून ठरवा, नुसत्या कंपन्यांना विचारून नको. दुसरं, त्या तक्त्यात उशिराच्या कारणांत "क्रू तपासणीसाठी थांबली" असा वेगळा रकाना टाका आणि तेवढा उशीर लेटमध्ये धरू नका, म्हणजे थांबणाऱ्या पोरीला कुणी ऑफिसात बोलावून जाब विचारणार नाही.

मी आता दर महिन्याला तो तक्ता मुलीकडून मोबाइलवर मागवून घेतो. तो रकाना शोधत राहीन.

आपला,
एक रिटायर एसटी चालक, नाशिक