रिपोर्ट मागा, पण चाचणी नाक्यावर करा

मे २०२१

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य सरकारच्या १२ मे २०२१ च्या लॉकडाऊन आदेशात परराज्यातून येणाऱ्या मालवाहू ट्रकना दोन अटी आहेत. गाडीत ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून दोघंच, आणि राज्यात शिरण्याआधी ४८ तासांच्या आत मिळालेला आरटीपीसीआर या कोरोना चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट. आमचा एकच दहाचाकी ट्रक आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, स्वतः चालवतात; भाड्याचे फोन, डिझेलचा हिशोब आणि फायनान्सचा हप्ता मी बघते. चाचणी नको असं माझं म्हणणं अजिबात नाही. घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, त्यामुळे रिपोर्ट सरकारआधी मलाच हवा असतो. पण तो कुठं मिळतो आणि कधी मिळतो, हे आदेश काढणाऱ्यांनी एखाद्या ड्रायव्हरला विचारलेलं दिसत नाही.

गेल्या आठवड्यात साखर घेऊन गाडी बंगळूरला गेली. परतीला मद्दूरची शहाळी मिळाली. सध्या त्यांना किती मागणी आहे, ते दवाखान्यांबाहेरच्या हातगाड्या बघितल्या की कळतं. तिथल्या एका सरकारी केंद्रावर मालक स्वॅब द्यायला गेले तर पहिला प्रश्न पत्त्याचा. कागल म्हटल्यावर बाई म्हणाल्या, गावाकडं जाऊन करा. आम्ही सीमेवरची माणसं, कन्नड येतं म्हणून निभावलं. व्यापाऱ्याच्या वखारीचा पत्ता लावून दोघांचे स्वॅब दिले. रिपोर्ट दोन दिवसांनी मोबाईलवर येईल म्हणाले. दोन दिवस थांबायचं कुठं? तिकडंही लॉकडाऊन, आणि माल तर भरून झालेला. मग जे सगळे करतात तेच त्यांनी केलं. गाडी हाणली आणि निपाणीच्या अलीकडं एका ढाब्यावर लावली. तिथून घर वीस-पंचवीस किलोमीटर. कोगनोळीचा सीमानाका ओलांडला की आमचं कागल.

त्या ढाब्यावर रिपोर्टची वाट बघणाऱ्या गाड्यांची रांगच होती. अंघोळीला, भांडी घासायला, प्यायला सगळ्यांना मिळून एक नळ. जेवण पार्सल, पण खायचं एकाच ताडपत्रीच्या सावलीत, मांडीला मांडी लावून. कुणाचा मोबाईल वाजला की सगळे मान वर करायचे. म्हणजे केबिनमध्ये दोघंच असलेली माणसं नियमामुळं वीस-पंचवीस अनोळखी माणसांत रात्र काढत होती, आणि सकाळी नाक्यावर दाखवायचा तो या रात्रीच्या आधी घेतलेल्या स्वॅबचा रिपोर्ट. या कागदाचा आरोग्याशी काय संबंध उरला, ते एखाद्या डॉक्टरांनीच सांगावं.

मालाचं म्हणाल तर वरच्या थरातल्या शहाळ्यांचे देठ काळे पडले होते. व्यापाऱ्यानं नगामागं पैसे कापले. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचं भाडं, कुणी दिलं नाही, शहाळ्याच्या भाड्यात ते कुणी देतही नाही. डिझेल नव्वदीला टेकलंय. गेल्या वर्षी हप्त्यांना ऑगस्टपर्यंत सवलत होती, यंदा तीही नाही.

आम्ही तरी जवळचे. कोलकात्याहून निघालेली भरलेली गाडी गोंदियातल्या देवरीला पोहोचायला तीन दिवस तरी घेते. कोलकात्यात काढलेला रिपोर्ट सीमेवर येईतो शिळा. मग ड्रायव्हरनं रायपूरला उतरून, भरल्या गाडीला क्लीनर राखण ठेवून, परक्या गावात स्वॅब द्यायचा का? आणि पॉझिटिव्ह निघाला तर गाडी कुठं लावायची, माल कुणी उतरवून घ्यायचा, त्याला दाखल कोण करून घेणार? याचं उत्तर मला आदेशात कुठं सापडलं नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्रानं ट्रकला दोन ड्रायव्हर आणि एक हेल्पर चालेल असं म्हटलं होतं. आता दोघंच म्हणजे लांबच्या पल्ल्याला झोपेची पाळी गेली. कोरोना टळला आणि घाटात डोळा लागला तर?

माझी मागणी साधी आहे. कागल, देवरी, धुळ्याकडचं पळासनेर अशा मोठ्या नाक्यांवर मांडव घालून अँटिजेन चाचणी करा. पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात निकाल येतो. त्यात काही बाधित सुटतात हे मलाही ठाऊक आहे. पण आजची चाचणी ढाब्यावरच्या रात्रीच्या आधीच्या कागदापेक्षा कधीही बरी. निघालाच कुणी पॉझिटिव्ह, तर जवळच चार खाटा आणि गाड्यांना राखणदार असलेलं आवार हवं.

त्याच मांडवात लस द्या. पोलिस, महसूल, पालिकेच्या कर्मचाऱ्यांना फेब्रुवारीपासून लस मिळाली, ती मिळायलाच हवी होती. मालवाहतुकीचा ड्रायव्हर त्या यादीत नव्हता. ऑक्सिजनच्या टँकरपुढं पोलिसांची गाडी धावते ते योग्यच, पण टँकर चालवणाराही आमच्यातलाच ना? मालक पंचेचाळिशीच्या पुढचे, त्यांना पहिला डोस मिळाला. क्लीनर पोरगा बावीसचा. त्याच्या वयोगटाची लस राज्यात थांबलीय. ती सुरू झाली तरी मोबाईलवर मिळालेल्या वेळेला गाडी कुठल्या जिल्ह्यात असेल, ते त्याला आज कसं सांगता येणार?

हा आदेश १ जूनच्या सकाळी सातपर्यंत आहे. मुदत वाढवायची असेल तर त्याआधी एवढी दुरुस्ती व्हावी. आमची गाडी परवा पुन्हा साखर भरते आहे. हातातला रिपोर्ट आदेशाप्रमाणं सात दिवस चालतो, ती मुदत परतीच्या वाटेवरच संपेल.

आपली,
एक ट्रकमालकीण, कागल (जि. कोल्हापूर)